त्रेचाळीस सकाळींची नोंद

प्रिय मोजूबाई,

एक आवाज चौतीस वर्षं माझ्या कानात आहे आणि तू तो कधीच ऐकलेला नाहीस. आपल्या आतल्या खोलीत पलंगाच्या उशाशी लाकडी फळी होती, तिच्यावर तुझ्या आईच्या निळ्या काठाच्या सहा कपबशा. एका दुपारी, वारा नाही, कुणी फळीला हात लावलेला नाही, आणि त्या कपबशा किणकिणू लागल्या. आधी एक, मग तिच्या शेजारची, मग सगळ्या. वर्गात एका पोरानं कविता सुरू करावी आणि मागच्या बाकांनी सूर धरावा, तसं. मनात दहापर्यंत मोजून होईल एवढा वेळ चाललं असेल. तुझी आई ग्लानीत होती. तिनं डोळे उघडून विचारलं, काय हो झालं? मी म्हटलं, काही नाही, बाहेरून ट्रक गेला. त्या दिवशी खाण बंद होती, ट्रक कुठला यायला. तिलाही ते ठाऊक होतं. पण ती नुसतं बरं म्हणाली आणि माझं बोट धरून पुन्हा झोपली.

आता तू म्हणशील, बाबांचं पत्र म्हणजे असंच, मुद्द्याला येईपर्यंत माणूस जेवून उठतो. तर आधी खुशाली. गुडघा आहे तसाच आहे, चढ जमत नाही, उतार त्याहून जमत नाही. चष्म्याची काडी मोडली ती मी दोऱ्यानं बांधली आहे. मुद्दा असा की परवा शुक्रवारी तू इथं येऊन सरकारी कार्यालयात एका कागदावर सही करणार आहेस. त्या सहीनंतर टेकडीखालची अट्ठावन्न घरं जिथल्या तिथं राहणार, कुणाला हलवायचं नाही असं पक्कं होणार. त्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडायला हवं. उद्या सकाळच्या गाडीनं शाळेतल्या बाई तुझ्या शहरात चालल्या आहेत, त्यांच्या हाती देतो. हे लिहिलं आणि इथंच पेन ठेवून मी उठून पाणी प्यायलो. वयाच्या शहात्तराव्या वर्षी स्वतःच्या मुलीला पत्र लिहिताना मधेच उठावं लागतं म्हणजे बघ.

तुला मोजूबाई हे नाव तुझ्या आईनं ठेवलं. तू पायऱ्या मोजायचीस, ताटातले मटार मोजायचीस, आजी एका घासाला किती वेळा चावते ते मोजून तिला सांगायचीस आणि धपाटा खायचीस. रविवारी माझ्याबरोबर टेकडीवर यायचा तुझा हट्ट असायचा. टेकडीला पडलेली भेग खाणीसाठी रोज मोजायची, ही माझी नोकरी; भेगेच्या अलीकडं एक लोखंडी खुंटी, पलीकडं एक. तुझ्याकडं पोलादी टेपचं टोक द्यायचं आणि मी पलीकडं जाऊन आकडा वाचायचा. तू तो खिशातल्या वहीत शिसपेन्सिलीनं टिपायचीस, जीभ बाहेर काढून. वर चढताना मी शाळेतल्या कविता म्हणायचो. पाचवीच्या पुस्तकातली ओढ्याची कविता बरोबर दुसऱ्या खुंटीपाशी संपायची, एक कडवंही जास्त नाही की कमी नाही. तुझी आई म्हणायची, तुम्ही टेकडी मोजायला जाता की तिची करमणूक करायला? मी म्हणायचो, दोन्ही, पगार मात्र एकाच कामाचा मिळतो.

नऊ वर्षांची असताना तू विचारलंस, बाबा, टेकडी रोज सारखीच का सरकत नाही? मी म्हटलं, तिचीही मर्जी असते. तुला ते पटलं नाही. तू चौकटीच्या वहीत ठिपके मांडून रेघ ओढलीस आणि मला दाखवून म्हणालीस, ही बघा मर्जी. त्या रेघेपासून तू जी निघालीस ती थांबलीच नाहीस. दवाखान्यातली रांग झाली, मधमाश्यांची पोळी झाली, शाळाशाळांतून पसरणारा ताप झाला, तळ्यातले मासे किती धरले म्हणजे संपणार नाहीत तेही झालं. प्रत्येक वेळी मी विचारायचो, अगं, माश्यांचा आणि रांगेचा काय संबंध? तू म्हणायचीस, बाबा, प्रश्न वेगळे दिसतात, आतलं गणित एकाच घराण्यातलं असतं. मी म्हटलं, म्हणजे वृत्तासारखं. शब्द कुठलेही असोत, लघु-गुरूंची चाल ठरलेली. तू फोनवर खूप हसलीस. म्हणालीस, अगदी बरोबर बोललात आणि तरीही हे कुणाला सांगू नका. मी अर्थात सगळ्यांना सांगितलं. केस कापणाऱ्यानं विचारलं, तुमची मुलगी नक्की काय करते? मी म्हटलं, ती जगाची एक लहानशी प्रत आकड्यांत बनवते आणि मोठ्या जगात काय होणार ते त्या लहान प्रतीला विचारते. तो म्हणाला, मग माझ्या मेव्हण्याला नोकरी लागेल का ते विचारा की. कात्री कानाजवळ होती, म्हणून मी विचारतो म्हटलं.

मग मागच्या वर्षी टेकडीची भेग पुन्हा रुंदावल्याची ओरड झाली आणि कार्यालयानं तुमच्या विद्यापीठाला विचारलं. ते काम तू मागून घेतलंस. खाण बंद होऊन वीस वर्षं झाली, पण माझी रजिस्टरं कपाटात होती, एकोणतीस वर्षांची, रोजची एक ओळ. तू आलीस, टेबलावर ती पसरलीस आणि एकेका पानाचे फोटो काढलेस. म्हणालीस, बाबा, इतकी सलग नोंद फार थोड्या ठिकाणी असेल. त्या आठवड्यात तू माझ्याशी जितकी बोललीस तितकी मागच्या दहा वर्षांत बोलली नसशील. मी चहा करून आणायचो आणि दारातच उभा राहून तुझ्याकडं बघायचो. माझं अक्षर वाचताना तुझ्या चेहऱ्यावर जो भाव असायचा तो माझ्याकडं बघताना मी कधी पाहिला नव्हता.

चौथ्या दिवशी तू त्या वर्षाचं रजिस्टर उघडलंस. तुझं बोट खाली खाली सरकत आलं आणि एका तारखेवर थांबलं. तू म्हणालीस, त्या दिवशीचीही आहे. तेवढंच. आई ज्या दिवशी सकाळी गेली, त्या दिवशीच्या सकाळचीही नोंद आहे, साडेसहाची, माझ्या अक्षरात. मी दारात कपबशी धरून उभा होतो. तू पान उलटलंस.

तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस, मावशीकडं होतीस, आणि आलीस ती दुपारी. सगळं आटोपल्यावर. तुला कुणी काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण वर्षभरानं कधीतरी तू ते रजिस्टर चोरून पाहिलंस हे मला कळलं होतं. कारण त्यानंतर तू रविवारी टेकडीवर आली नाहीस. टेपचं दुसरं टोक मी दगडाखाली दाबून ठेवू लागलो. तुझ्या मनात काय बसलं ते मला न सांगताच समजलं होतं. बायको मरायला टेकली असताना हा माणूस खुंट्या मोजायला टेकडीवर गेला. आणि मी ते खोडून काढू शकत होतो, एका वाक्यात. चौतीस वर्षं मी ते वाक्य गिळून बसलो.

मधली हकिगत आधी सांगतो, कारण तीही तुला ठाऊक नाही. गेल्या महिन्यात तू मला फोनवर उत्साहानं समजावलंस, आठवतं? एकोणतीस वर्षांत टेकडी मोठ्या प्रमाणावर सरकली ती एकदाच, त्या वर्षी, त्रेचाळीस दिवसांत सव्वीस मिलिमीटर. एरवी वर्षाला आठ-नऊ. म्हणजे मोठ्या सरकण्याआधी ही टेकडी कशी वागते ते मॉडेलला शिकायला तेवढाच एक धडा उपलब्ध. आणि धडा किती सुंदर, तू म्हणालीस. आधी हळू, मग रोज थोडा थोडा वेग वाढत जातो, मग शिखर, मग पुन्हा शांत. त्यावरून तुझं मॉडेल सांगतं की घसरण्याआधी टेकडी किमान दहा दिवस वेग वाढवून इशारा देईल. म्हणून भेगेवर यंत्र बसवलं, यंत्राला भोंगा जोडला. वेग वाढू लागला की भोंगा वाजेल, लोकांना दहा दिवस मिळतील, कुणाला आत्ता घर सोडायला नको. कार्यालयाबाहेर फळ्यावर तसं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. टेकडीखालच्या घरांच्या ओळीत लोकांनी तुझ्या नावानं एकमेकांना पेढे नाही तरी साखर वाटली. सहा कोस लांब, कामधंद्यापासून दूर जायचं टळलं होतं त्यांचं. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेलो. साहेब तरुण आहेत, अदबीचे आहेत. मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडं वळवला. मी त्यांना सांगितलं की त्या त्रेचाळीस दिवसांचे आकडे खरे नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आजोबा, इतक्या वर्षांच्या आठवणी, थोडी सरमिसळ होणारच. मी म्हटलं, सरमिसळ नाही, मीच लिहिलेत. ते म्हणाले, हो ना, तुमचंच तर अक्षर आहे. मग त्यांनी संगणकावर चित्र दाखवलं. ठिपके माझे, रेघ तुझी. म्हणाले, बघा, एकोणतीस वर्षांत मॉडेल सगळ्यात छान कुठं जुळतं, तर त्याच त्रेचाळीस दिवसांत. खोटे आकडे असे जुळतील का? माझ्या जिभेवर आलं होतं की साहेब, खोटेच आकडे असे जुळतात. माझ्या खऱ्या आकड्यांत धांदल आहे. थंडीनं आखडलेला टेप आहे, पावसात पुसलेला चष्मा आहे, एके दिवशी गायीनं खुंटी वाकवली होती तीही आहे. पण त्यांना दुसरी बैठक होती. जाताना त्यांनी शिपायाला सांगितलं, आजोबांना रस्ता ओलांडून दे.

मग खालच्या ओळीत गेलो. पहिलं घर शिंप्याचं. तो मशीनवरून मान न उचलता म्हणाला, आजोबा, ती टेकडी तुमच्यापेक्षा म्हातारी आहे आणि तुमच्यापेक्षा कमी बोलते. त्याची बायको आतून ओरडली, अहो, टिंगल नंतर करा, आधी त्यांना बसायला तरी द्या. त्यांनी चहा दिला. मी सांगू लागलो तशी शेजारची चार माणसं गोळा झाली. एक बाई म्हणाली, कमाल आहे बाई, लेकीनं घर राखलं आणि बाप उठवायला निघाला. कुणीतरी म्हणालं, म्हातारपणी लेकीचं कौतुक बघवत नाही काहींना. शिंपी म्हणाला, तसं नाही हो, आजोबा कवी माणूस, त्यांना रोज नवीन सुचतं. सगळे हसले. वाईट हसले नाहीत, मायेनंच हसले. मला तो चहा संपवावा लागला.

तुला दोनदा फोन केला. पहिल्यांदा तू घाईत होतीस, म्हणालीस, बाबा, शुक्रवारनंतर निवांत बोलू. दुसऱ्यांदा मी नेटानं सुरुवात केली, त्या वर्षीच्या नोंदी, आई आजारी होती तेव्हाच्या. पुढं बोलायच्या आत तुझा आवाज बदलला. तू म्हणालीस, बाबा, तो विषय नको. मी तो सोडून दिलाय. तुम्ही तुमचं काम करत होतात, मी समजून घेतलंय, आता खरंच नको. आणि फोन बंद झाला. माझ्या हातात रिसीव्हर होता आणि मला हसू आलं, रडूही आलं. चौतीस वर्षांनी तू मला माफ केलंस, तेही मी न केलेल्या गोष्टीबद्दल, आणि त्या माफीनंच माझं तोंड बंद झालं.

तर आता ऐक.

त्या त्रेचाळीस दिवसांत मी एकदाही टेकडीवर गेलो नाही. तुझ्या आईला एकटीला भीती वाटायची. दुखायचं त्याचं ती बोलायची नाही, पण मी उठलो की माझी बाही धरायची. खाणीच्या मुकादमानं बजावलेलं होतं, एकही दिवस गाळायचा नाही, नोंद सलग हवी, नाहीतर दुसरा माणूस ठेवतो. पहिल्या दिवशी मी म्हटलं, आजचा दिवस कालचाच आकडा लिहू, उद्या जाऊन बघू. दुसऱ्या दिवशी ती जास्त आजारी होती. खिशातल्या वहीत मी तिच्या उशाशी बसून शिसपेन्सिलीनं आकडे लिहीत गेलो. रोज तोच, कधी एखाद्या मिलिमीटरची भर, आपली शोभेपुरती. तिनं एकदा विचारलं, आज किती? मी सांगितलं. ती म्हणाली, न जाता कळतं होय तुम्हाला? मी म्हटलं, इतक्या वर्षांचा संसार आहे तिच्याशी. ती हसली. शेवटच्या आठवड्यातलं ते एकच हसू.

त्या काळात मी तिला कविता म्हणून दाखवायचो, तिसरीपासूनच्या सगळ्या, क्रमानं. ती शाळेत माझ्याच वर्गात होती हे तुला माहीत आहे. मी एखादा शब्द चुकलो की डोळे मिटूनच दुरुस्त करायची. सातवीच्या पुस्तकापर्यंत आम्ही पोचलो नाही. त्या सकाळी साडेसहाला, जेव्हा रजिस्टर म्हणतं की मी दुसऱ्या खुंटीपाशी होतो, तेव्हा मी पलंगावर बसलो होतो आणि तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती एकटी नव्हती. हे वाक्य मी चौतीस वर्षं गिळलं, कारण ते बोललो असतो तर पुढचं वाक्य बोलावं लागलं असतं.

पुढचं वाक्य हे. तिचं सगळं झाल्यावर चव्वेचाळिसाव्या दिवशी मी टेप घेऊन वर गेलो. कविता म्हणावीशी वाटली नाही, त्यामुळं चढ फार लांबला. आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. माझ्या वहीत दोन मिलिमीटर वाढ होती, भेग सव्वीसनं रुंदावली होती. भेगेवर मी पूर्वी प्लास्टरची एक पट्टी लावली होती. हळूहळू ताण आला असता तर तिला बारीक बारीक तडे गेले असते. पण ती पट्टी, पाटी फुटावी तशी, एकाच घावात दुभंगली होती, दोन्ही कडा एकमेकींत बसतील अशा. ती बघताना मला त्या कपबशा आठवल्या. तिसावा की एकतिसावा दिवस असेल तो. मी शपथेवर सांगू शकत नाही मोजूबाई, मी तिथं नव्हतो, हेच तर माझं पाप आहे. पण माझी खात्री आहे की ती सव्वीस मिलिमीटर वाढ त्रेचाळीस दिवसांची नव्हती. ती त्या एका दुपारची होती, मनात दहापर्यंत मोजण्याएवढ्या वेळातली. त्याआधी कसलाही वेग वाढला नसणार. टेकडीनं कुणाला काही सांगितलं नाही.

तिमाहीची अखेर होती. खिशातल्या वहीतून रजिस्टरात शाईनं उतरवायची वेळ. एका दिवसात एवढी उडी लिहिली असती तर मुकादमानं विचारलं असतं, किती वाजता झालं, तू कुठं होतास, धावत येऊन का सांगितलं नाहीस, खाली घरं आहेत. म्हणून मी पेन्सिलीचे आकडे खोडले आणि ती उडी त्रेचाळीस दिवसांत वाटून टाकली. सारखी वाटली असती तर ओळखू आलं असतं. मी ती चालीत बसवली. सुरुवातीला लघु, मग एखादा गुरू, मग भरत गेलेली ओळ, बरोबर दहा दिवसांची, मग यती, मग उतार. लिहिताना मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, त्या रात्रींमध्ये तेवढ्या एका कामात माझं मन लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कविता म्हणणाऱ्या माणसानं स्वतः रचलेली ती एकच. तिच्या मरणाच्या दिवसाची ओळ लिहिताना हात थांबला होता. ती रिकामी ठेवली असती तर बाकीच्या बेचाळीस उघड्या पडल्या असत्या.

आणि तुझं मॉडेल ती शिकलं. त्याचा दोष नाही, तुझाही नाही. तू मला एकदा सांगितलं होतंस, मॉडेल प्रामाणिक असतं, त्याला जे सांगाल तेच ते मानतं. फळ्यावर लिहिलेले ते दहा दिवस टेकडीचे नाहीत गं. ते माझे आहेत. मी एका बसक्या टेबलाशी बसून, ओळ बरी दिसावी म्हणून, दहा ठेवले. आठ ठेवले असते तर आज फळ्यावर आठ असतं.

कदाचित काहीच होणार नाही. टेकडी अजून शंभर वर्षं तशीच राहील. पण ते मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही, आणि शुक्रवारी तू माहीत आहे म्हणून सही करशील. साहेब माझं ऐकत नाहीत, कारण तुझ्या गणितानं मला खोटं ठरवलंय. खालचे लोक ऐकत नाहीत, कारण तुझ्यामुळं त्यांचं घर वाचलंय. सगळ्या वाटा तुझ्यापाशी येतात आणि तुझ्यापाशी माझा आवाज फुटत नाही. म्हणून हे लिहिलं. त्या त्रेचाळीस ओळी काढून टाक. तिथं रिकामं ठेव, आणि मग तुझ्या त्या लहान प्रतीला पुन्हा विचार. ती मला माहीत नाही म्हणाली तर तेच कागदावर लिही. लोक तुला नावं ठेवतील, विद्यापीठात हसं होईल, ते माझ्यावर ढकल, नाव घेऊन ढकल. एवढ्या आयुष्यात मी तुझ्या नजरेत दोनच गोष्टी कमावल्या, त्या रजिस्टरांमुळं राग आणि त्याच रजिस्टरांमुळं मान. हे पत्र वाचलंस की पहिली जाईल आणि दुसरीही. पहिली गेल्याचा आनंद किती होईल ते मला आत्ता कळत नाही. तू सही करू नकोस, एवढंच

मधेच थांबावं लागलं. दारावर थाप पडली म्हणून उठलो. शिंपी आहे. हातगाडीवर त्याचं शिलाई मशीन दोरीनं बांधून आणलंय, घामाघूम झालाय. हा माणूस माझ्या दारी कधी येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. म्हणतो, आजोबा, सोमवारपर्यंत मशीन ठेवून घ्याल का? आमचं दार सकाळपासून चौकटीत बसेना झालंय, उघड्या घरात एवढी महागाची वस्तू ठेवून झोप लागायची नाही. सुतार सोमवारी येतो म्हणालाय. मी विचारलं, दार फक्त तुझंच? म्हणाला, नाही, आमच्या बाजूच्या चार घरांचं, लाकूड फुगलं असेल. मी म्हटलं, अरे, तीन महिन्यांत पाऊस नाही, लाकूड कशानं फुगेल? त्यानं खांदे उडवले. मी म्हटलं, बायकोला, पोरांना घेऊन ये, आत्ता, इथं जागा आहे, माझा पलंग घ्या. तो हसला. म्हणाला, त्यांना कशाला, भोंगा कुठं वाजलाय, आणि वाजला तरी तुमच्या लेकीनं दहा दिवस दिलेत ना.

तो अजून उंबऱ्यात उभा आहे, मशीन कुठल्या कोपऱ्यात ठेवू म्हणून विचारतोय. शाळेतल्या बाईंची वाट बघण्यात आता अर्थ नाही. मी हा कागद हातात घेऊन तुला फोन लावतो आहे. उचल, आणि आईचं नाव काढलं म्हणून ठेवू नकोस.

तुझाच, बिनकामाचा पण तुझाच,
बाबा